समुपदेशनाच्या खोलीची कडी

मी एक कडी. लोखंडी, आखूड, अंगाने काहीशी वाकडी. लोहाराने घडवताना मला एकच सांगितले होते, "लागलीस तर घट्ट लाग." ते व्रत मी निष्ठेने पाळले. त्याचा मला पुष्कळ दिवस अभिमानही होता.

समुपदेशन केंद्रातील एका खोलीच्या दारावर, आतल्या बाजूस, मला बसवले. घरात हात उगारणाऱ्या पुरुषांना तेथे पाठवीत. स्वतःची करणी ऐकवेनाशी झाली की ते पाणी पिण्याचे निमित्त काढून पसार होत. म्हणून वर्ग घेणारे सर आधी मला लावीत.

पुढे हात उगारणाऱ्या स्त्रियांसाठीही वर्ग काढण्याचे ठरले. सरांनी जुन्याच पाठांत 'पत्नी'च्या जागी 'पती' घातले आणि नवा कार्यक्रम सिद्ध झाला! मीही तीच राहिले.

पहिल्याच दिवशी वर्गातली एक खानावळवाली म्हणाली, "सर, कडी कशाला? आम्ही पळून जाणार कुठं? घरीच ना? त्यापेक्षा इथंच बरं की!"

साऱ्या हसल्या. शिवणकाम करणारी एक बाई मात्र हसली नाही. तिने नवऱ्याच्या डोक्यात तापलेली इस्त्री घातली होती. तिची मुलगी आत्याकडे होती. आईने आपला अपराध वर्गात स्वमुखाने सांगितल्याखेरीज मायलेकींची भेट होणार नव्हती.

मला लावण्यापूर्वी ती चांगली बोले. मी कोयंड्यात सरकले की तिची वाचा बसे.

"हट्टी आहे. पश्चात्तापाचा लवलेश नाही," सर म्हणाले.

त्यांच्या हाताखालच्या ताईंची नजर मात्र माझ्यावर गेली. एके दिवशी सर रजेवर असताना त्यांनी मला लावलेच नाही. ती बाई बोलू लागली.

"तो आधी कडी लावायचा, ताई, मग मारायचा. कडीचा आवाज आला की मी तोंडावर हात घ्यायचे. त्या दिवशी तो झोपला होता. कडी मी लावली."

"आणि मुलगी?"

"बाहेर. दार बडवत होती. 'आई, उघड' म्हणत होती. मी नाही उघडलं."

ताईंनी कार्यक्रम मुळापासून नव्याने बांधला. बाईने काय सोसले ते आधी ऐकायचे, काय केले ते मग. आणि सोसलेल्याने केलेल्यावर, वा केलेल्याने सोसलेल्यावर पांघरूण घालायचे नाही. सर कुरकुरले, पण दार उघडे राहिले.

मुलगी भेटीला आली, तेव्हा आईने तिच्यासाठी फ्रॉक शिवून आणला होता. दोघींना निवांत बोलता यावे म्हणून ताई बाहेर निघाल्या आणि सवयीने दार ओढू लागल्या. फ्रॉक छातीशी धरून मुलगी उंबरठ्याकडे सरकली.

"ताई, दार नका ना लावू. तुम्ही पण इथंच बसा."

आईचा हात आपसूक स्वतःच्या तोंडावर गेला. ते भय तिच्या ओळखीचे होते; ते आपल्यामुळेही कुणाला वाटेल, हे तिला त्या क्षणी उमगले. ती उठली, दार सताड उघडून दूरच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"नाही लावणार, बाळा."

आता मी गंजत चालले आहे. मला कुणी तेल घालू नये, एवढीच विनंती. ती मुलगी अजून येते, आणि आईजवळ बसण्यापूर्वी एकदा माझ्याकडे पाहून घेते.