टोपीवर दोन टिचक्या

श्रीरंगने गाडी चढावर लावली, हँडब्रेक ओढला आणि दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून नुसताच बसून राहिला. या हिवाळ्यातलं हे एकोणिसावं घर. आधीच्या अठरा घरांत त्याने कॉफी प्यायली, कुत्र्यांचे लाड केले, आज्यांचे फोटो पाहिले, आणि त्यातली जी पोरं त्याला खरंच हवी होती ती मोठ्या कॉलेजांनी पळवली. बॉथेल गावात दुपारचे दोन वाजले होते आणि आकाश सकाळपासून जसंच्या तसं करडं होतं. त्याचा गुडघा दुखत होता. खरं तर सगळंच दुखत होतं, पण गुडघ्याकडे निदान बोट दाखवता येत होतं.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडच्या एका लहान कॉलेजात फुटबॉल संघाचा बचाव सांभाळणारा तो कोच. फुटबॉल म्हणजे इथला, नावापुरता पायांचा आणि बाकी सगळा हातांचा आणि आदळआपटीचा. पूर्व किनाऱ्यावरच्या आयसेलिनमध्ये वाढलेल्या मराठी मुलाने हा धंदा का निवडला, हे त्याच्या आईवडिलांना आजतागायत उमगलेलं नव्हतं. 'मुलगा युनिव्हर्सिटीत असतो' एवढं सांगून ते विषय बदलत. बावीस वर्षांत सात गावं झाली. शुक्रवारी हेड कोचने बोलावून सांगितलं, बचावातल्या मधल्या जागेसाठी पोरगा आणलास तर पुढच्या वर्षी तू इथे, नाहीतर दुसरीकडे बघ. बुधवारी सह्यांचा दिवस, शाळेतल्या पोरांनी कॉलेजांशी करार करायचा. घरी आल्यावर त्याने ते बायकोला सांगितलं, तर प्रीता भांडी विसळता विसळता शांतपणे म्हणाली, की आठव्या गावाला मी येणार नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दार वीरने उघडलं. सतरा वर्षांचा, सहा फूट उंच, आणि एवढ्या देहाचं करायचं काय असं कायम वाटत असल्यासारखा थोडा वाकलेला. मागून त्याची आई अहिल्या आली, तिच्या मागून वडील मोहन.

"वीर, काकांचा कोट घे आधी."

"आई, ही इज कोच," वीर लाजून पुटपुटला.

"कोच असले तरी काकाच. या हो, बसा. उपमा खाता ना तुम्ही? की डाएट वगैरे?"

श्रीरंग हसला. मुलगा बघायला पाहुणे यावेत तशी तयारी होती. टेबलावर उपमा, लाडू, चार वाट्या, आणि मोहनसमोर प्रश्नांची छापील यादी. मोहन नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, यादीशिवाय तो भाजी आणायलाही जात नसावा. अहिल्या एका औषध कंपनीत क्वालिटी बघायची. तिच्यापुढे कागद नव्हता. ती नुसती बघत होती, आणि श्रीरंगला यादीपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"तर कोच," मोहन म्हणाला, "वीरला बाकी कोणी ऑफर दिली नाही. तो स्लो आहे म्हणतात. मग तुम्हीच का?"

हा प्रश्न श्रीरंगच्या आवडीचा. याचं उत्तर त्याने इतक्या स्वयंपाकघरांत दिलं होतं, की झोपेतही दिलं असतं. घड्याळ लावून पळवणारे पळवोत, तो पोरांचं पळणं बघायचाच नाही. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना हा पोरगा काय करतो, एवढंच तो बघायचा. वीरची एक व्हिडिओ क्लिप त्याने अकरा वेळा पाहिली होती. जोडीदार पाय घसरून पडला, समोरचा चेंडू घेऊन सुटला, आणि वीरने आपली जागा सोडून, अख्खं मैदान आडवं कापत त्याला धरून पाडलं. मग परत येऊन जोडीदाराला उठवलं. त्यांचा कोच कडेवरून ओरडला, तेव्हा वीरने चूक आपलीच असल्यासारखा हात वर केला.

"मला असा पोरगा हवा," श्रीरंग म्हणाला, "जो दुसऱ्याची चूक कव्हर करतो. स्पीड वाढवता येतो हो. हे शिकवता येत नाही."

अहिल्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मुलाचं कौतुक कोणत्या आईला नको असतं?

मग त्याने वाट्या पुढे ओढल्या. तीन वाट्या एका ओळीत, मागे. "ही माझी सिस्टिम. सगळे दोन जण मागे ठेवतात, मी तीन ठेवतो. समोरच्याला थोडं थोडं पुढे येऊ द्यायचं. पाच यार्ड घे, आठ घे. पण डोक्यावरून काही जाऊ द्यायचं नाही. ही मधली वाटी म्हणजे वीर. पुढच्या आठ जणांपैकी कोणीही चुकलं, की निस्तरायला हा."

"आणि हा चुकला तर?" अहिल्याने विचारलं.

"याच्या मागे कोणी नसतं."

वीर इतका वेळ खाली मान घालून बसला होता, तो वाट्या दिसल्याबरोबर खुर्चीच्या कडेला आला. तुमच्या या मोसमातल्या सगळ्या अकरा मॅचेस मी बघितल्यात, म्हणाला. टीव्हीवरच्या नव्हेत, वरच्या कॅमेऱ्याच्या, ज्यात कडेला उभे असलेले कोचसुद्धा दिसतात. श्रीरंगला मनातून फार बरं वाटलं. एकोणीस घरांत अकराच्या अकरा बघितलेला हा पहिला.

"कोच, तुम्ही साइडलाइनवरून कॅपला दोनदा टॅप करता, ते मिडल सेफ्टीला, म्हणजे या मधल्या वाटीला, 'पुढे ये' सांगायला ना? आय फिगर्ड इट आउट. सात वेळा केलंत तुम्ही. सातही वेळा तो पुढे आला."

"शाब्बास," श्रीरंग म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याने वाटीवरचा हात मागे घेतला. कारण सातवी वेळ कोणती ते त्याला माहीत होतं.

वीरला मात्र शोध लागल्याचा आनंद झाला होता. त्याने चौथी वाटी घेतली, मधल्या वाटीच्या डोक्यावरून मागे नेली. "सो, आठवी मॅच. शेवटचं मिनिट. सगळे म्हणतात ट्वेंटी-सेव्हन चुकला, पुढे धावला आणि मागे त्यांचा चेंडू झेलणारा रिसीव्हर मोकळा सुटला. पण तुम्ही टॅप केलं होतं. तो बरोबरच होता. राइट?"

मोहनने यादीवरून डोळे उचलले.

सत्तावीस नंबर म्हणजे मातेओ. याकिमाजवळच्या सफरचंदांच्या बागांत काम करणाऱ्याचा मुलगा, आणि श्रीरंगने असंच एका स्वयंपाकघरात बसून आणलेला. ती मॅच तीन गुणांनी गेली. नंतर पत्रकारांसमोर मातेओ आणि श्रीरंग शेजारी शेजारी बसले होते. काय झालं, असं कोणीतरी विचारलं. श्रीरंग शब्द जुळवत होता, तेवढ्यात मातेओ माइककडे वाकून म्हणाला, 'मी फसलो. ती चूक माझी.' श्रीरंगने समोरची बाटली उचलली आणि पाणी प्यायलं. एवढंच केलं त्याने. पुढे तीन आठवडे लोकांनी त्या पोराला इंटरनेटवर फाडून खाल्लं, हेड कोचने त्याला बाकावर बसवलं, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी तो कॉलेज सोडून घरी गेला. म्हणून तर मधली जागा रिकामी होती. म्हणून तर श्रीरंग हा उपमा खात होता.

आताही निसटता आलं असतं. 'टॅपचा अर्थ दर आठवड्याला बदलतो' एवढं म्हटलं असतं की भागलं असतं, आणि वीरने मान डोलावली असती. वाक्य जिभेवर आलंही. पण ते बोलायलासुद्धा ताकद लागते, आणि ती श्रीरंगकडे उरली नव्हती.

"राइट," तो म्हणाला. "मी चुकीचा कॉल दिला. तो बरोबर होता."

"मग त्याने असं का सांगितलं?" मोहन म्हणाला.

"मला वाचवायला."

"आणि तुम्ही?"

"मी गप्प बसलो."

अहिल्याने हातातला डाव भांड्यात ठेवला. "आमच्याकडे बॅच फेल गेली ना, की शेवटी ज्याने हात लावला त्याचं नाव लिहून मोकळं होता येत नाही. त्याला इन्स्ट्रक्शन काय होती, ते आधी बघावं लागतं." ती आवाज न चढवता बोलत होती. "दुसऱ्याची चूक कव्हर करणारा मुलगा हवा म्हणालात. मला किती बरं वाटलं ऐकून. म्हणजे तुमची चूक, असं होय."

"आई, स्टॉप," वीर कळवळून म्हणाला. मग श्रीरंगकडे वळून, अगदी मनापासून, "इट्स ओके, कोच. मीपण तेच केलं असतं."

बावीस वर्षं हे वाक्य ऐकायला श्रीरंग गावोगाव हिंडला होता. ते ऐकलं की तो कागद पुढे सरकवायचा. आज कागद बॅगेत होता, पेनही होतं, आणि त्याला त्या पोराच्या तोंडाकडे बघवेना. लाज वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी लाज.

"लावा त्याला फोन," अहिल्या म्हणाली.

"आता?"

"आता. आमच्यासमोर. माझ्या मुलाला न्यायला आलात ना? मग आधीच्याचं काय केलंत ते मला कळू दे."

त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मागे यंत्रांचा खडखडाट ऐकू आला. मातेओ सफरचंदं भरायच्या शेडमध्ये कामाला लागला होता, रविवारचीसुद्धा पाळी होती. आवाज मात्र तोच, आदबीचा.

"कोच? सगळं ठीक?"

"मातेओ, त्या दिवशी मी टॅप केलं होतं. तू बरोबर होतास. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

"माहितीये, कोच."

"मी हेड कोचला सांगतो. पेपरवाल्यांना सांगतो. तू परत ये."

"नको." खडखडाट थोडा लांब गेला, तो चालत बाहेर आला असावा. "परत नाही येणार मी. पेपरात आलं नाही तरी चालेल. एक कराल का? माझ्या वडिलांना सांगाल?"

"त्यांना माहीत नाही?"

"मी सांगितलं होतं. त्यांना वाटलं, मी स्वतःला वाचवायला तुमचं नाव घेतोय. कोच तसा माणूस नाही, म्हणाले. तुम्ही आमच्या घरी जेवला होतात ना. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. मॅच हरलो म्हणून नाही. खोटं बोललो म्हणून."

श्रीरंगने कपाळ हातावर टेकलं. अहिल्या उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मोहनने यादीची घडी घातली, मग घडीची घडी घातली.

"फोन देतोस त्यांना?"

"त्यांना इंग्लिश येत नाही, कोच. मलाच मध्ये सांगावं लागेल तुम्ही काय म्हणताय ते. आणि मी सांगितलेलं ते मानणार नाहीत."

"आज घरी आहेत?"

"रविवारी असतात."

"मी येतो," श्रीरंग म्हणाला. घाट ओलांडून अडीच तास, वर बर्फ. हेड कोचला पाचपर्यंत वीरच्या होकाराचा फोन हवा होता, आणि तो फोन आता जाणार नव्हता. सोमवारी काय होणार ते त्याला स्वच्छ दिसत होतं. प्रीताला काय सांगायचं ते मात्र दिसत नव्हतं.

तो उठला. गुडघ्याने कुरकुर केली. वीर आधीच कोट घेऊन उभा होता, स्वतःचाही आणि त्याचाही.

"मी येतो तुमच्याबरोबर. चार वर्षं स्पॅनिश केलंय मी. आय कॅन ट्रान्सलेट."

अहिल्या गर्रकन वळली, पण तिच्या आधी श्रीरंगच बोलला. "नाही, वीर. तू नाही यायचं." पोराचा चेहरा उतरला तसं त्याने त्याच्या हातातून आपला कोट घेतला. "तुला खेळायचं असेल, तर मी तीन कॉलेजांना फोन करतो. तिथले कोच माझ्यापेक्षा चांगले आहेत. पण हे तू निस्तरायचं नाहीस."

"तुम्हाला स्पॅनिश येतं?" मोहनने विचारलं.

"नाही."

"मग बोलणार काय तिथे?"

श्रीरंग दारात थांबला. बाहेर चढावर गाडी उभी होती. त्याने वीरकडे पाहिलं.

"'चूक माझी होती.' कसं म्हणायचं?"

वीरने आईकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली.

"फुए कुल्पा मीआ," तो म्हणाला.

श्रीरंगने म्हणून बघितलं. चुकलं. वीरने पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. दुसऱ्यांदा जीभ अडखळली. तो तिथेच उंबऱ्यात, कोटाच्या एकाच बाहीत हात घातलेला, पोराच्या तोंडाकडे बघत पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि नीट जमेपर्यंत त्या तिघांपैकी कोणीही दार लावलं नाही.