आडव्याला मानवंदना

"तीन फैरी ना? अहो, आवडेल काय विचारता, त्यांचा हक्कच आहे तो. आम्ही चारच्या सुमारास पोचतो तिकडे." काकांनी फोन खिशात टाकला आणि पुढच्या खोलीत जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळून जाहीर केलं, "माजी सैनिक संघटनेची माणसं येतायत. बंदुकांची मानवंदना मिळणार बाबांना."

शेजाऱ्यांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. भिंगरी गेलेल्या आजोबांच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं त्यांचा चेहरा पुसत होती. तिचा हात हनुवटीपाशी थबकला.

"काका, बंदुका नकोत."

"काय?"

"बंदुका नको म्हणाले होते आजोबा. माझ्याकडून शब्द घेतलाय त्यांनी."

काकांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. खुर्च्या कमी पडतायत म्हणत ते बाहेर निघून गेले. काकांचं हे असंच. एकदा मनात घेतलं की घेतलं. मग समजूत घालायला साक्षात देव आला असता तरी हात हलवत परत गेला असता.

भिंगरीनं फडका पिळला आणि पुन्हा चेहरा पुसायला घेतला. चेहरा केव्हाच स्वच्छ झाला होता, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

आजोबांना आवाज सोसत नसे. म्हणजे गाणी, गप्पा, पोरांचा दंगा, सगळं चालायचं. उलट दंगा कमी पडला तर तेच वाढवून द्यायचे. सोसायचा नाही तो एकदम होणारा आवाज. ताट पडलं, दार आपटलं, रस्त्यात कुणाच्या गाडीचा टायर फुटला की हा सहा फुटी माणूस असेल तिथे जमिनीवर पालथा, दोन्ही हात डोक्यावर. थोड्या वेळानं उठायचे, गुडघे झटकायचे आणि काही झालंच नाही अशा थाटात म्हणायचे, "हं, काय सांगत होतास तू?" आख्ख्या वस्तीनं त्यांचं नाव ठेवलं होतं, आडवा. तोंडावर कुणाची म्हणायची छाती नव्हती, पण पाठ फिरली की आडवा.

घरात मात्र त्याची एक रीतच पडून गेली होती. आवाज करायच्या आधी सांगायचं. भिंतीत खिळा ठोकायचा असो की जड ट्रंक खाली ठेवायची असो, आधी "आवाज होतोय हं!" असं ओरडायचं आणि मगच हात चालवायचा. भिंगरी शाळेची व्हॅन चालवते. व्हॅनचं सरकतं दार लावताना अजूनही तिच्या तोंडून ते निघून जातं आणि आतली पोरं "होऊ दे, होऊ दे!" म्हणून खिदळतात. लोकांच्या घरी वाढदिवसाला फुगे लागतात, यांच्याकडे कधी लागले नाहीत. एकदा एका पाहुणीनं हौसेनं आणले, तर भिंगरीच्या आईनं हसत हसत आत नेले आणि एकेकाची गाठ सोडून हवा काढून टाकली. पाहुणीला वाटलं, काय कजाग बाई आहे.

आणि अशा माणसानं लष्करातून सुटल्यावर नोकरी कुठली धरावी? तर इस्पितळाच्या धुलाईखान्यात, बॉयलरवर! चादरी उकळायला वाफ पुरवणारं ते लोखंडी धूड दाब वाढला तर फुटतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोक म्हणायचे, डोकं फिरलंय याचं. ते म्हणायचे, "दुसऱ्याच्या हातातल्या बॉयलरची मला भीती वाटते. माझ्या हातातल्याची नाही." जन्मभर त्यांनी तो डोळ्यांत तेल घालून सांभाळला. पाळी बदलणारा माणूस झिंगून आला की त्याला कोपऱ्यात झोपवायचे आणि त्याचीही पाळी स्वतः ओढायचे. त्याची तक्रार केली नाही कधी. "घरी पोरं आहेत त्याच्या," एवढंच. वाफेनं भाजून भाजून कोपरापर्यंत हातावर एक केस उरला नव्हता.

धाकटा मुलगा, म्हणजे भिंगरीचे वडील, तापाचं निमित्त होऊन गेले तेव्हा आजोबा निवृत्तीला टेकले होते. दुसरा कुणी खचून बसला असता. हे साहेबांपुढे जाऊन उभे राहिले, म्हणाले, मला अजून ठेवा आणि माझ्या सुनेला घड्या घालायच्या विभागात घ्या. सून आणि नात उघड्यावर पडू नयेत म्हणून हा माणूस म्हातारपणी पुन्हा त्या भट्टीपुढे उभा राहिला, आणि त्याचं ओझं कधी कुणाला जाणवू दिलं नाही. सकाळी पाळीवरून आले की आधी भिंगरीची वेणी घालायचे, मग झोपायचे. वेणी इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. "सैल घाला ना आजोबा," म्हटलं की म्हणायचे, "संध्याकाळपर्यंत टिकायला नको?"

युद्धाचं मात्र त्यांनी नाव काढलं नाही. एकदाच बोलले. गेल्या हिवाळ्यात ती त्यांना डॉक्टरकडून परत आणत होती. व्हॅनमध्ये दोघंच.

"आम्ही तोफेवर होतो," काचेबाहेर बघत ते अचानक म्हणाले. "मी पाणी आणायला गेलो होतो. मागे आमचाच गोळा आमच्याच नळीत फुटला. मी परत आलो तर पाणी प्यायला कुणी नव्हतं."

भिंगरीनं गाडी कडेला घेतली.

"मी गेल्यावर ती माणसं बंदुका घेऊन येतील बघ. त्यांचा रिवाज असतो. येऊ देऊ नकोस."

"नाही येऊ देणार."

"त्या दिवशी तरी मला गुमान पडू दे, बाई. शब्द?"

"शब्द, आजोबा."

जन्मात त्यांनी तिच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याला टेकून उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"आई, तू सांग ना काकांना."

"माझं कधी ऐकलंय भाऊजींनी? तू त्यांची लाडकी, तूच बोल. पण जपून बोल गं. त्यांचा बाप गेलाय."

चारला सगळे स्मशानाच्या मोकळ्या जागेवर पोचले. वस्तीतले झाडून सगळे आले होते. बंदुका वाजणार म्हटल्यावर एरवी न येणारेही आले होते. आजोबांना एका लांब बाकावर ठेवलं होतं, चेहरा उघडा. पलीकडे संघटनेनं बोलावलेले गणवेशातले तरुण शिपाई ओळीनं उभे होते आणि संघटनेचे अध्यक्ष, थकलेले पण ताठ, त्यांच्या बंदुका तपासत होते. भिंगरी सरळ त्यांच्यापाशी गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पोरी, मला काय हौस आहे? मलाही झोपेत दचकायला होतं अजून. पण बोलावणं मोठ्या मुलाचं आहे. त्यानं नको म्हटलं की त्या क्षणी बंदुका गाडीत. त्याच्याशी बोल तू."

तिनं काकांना हाताला धरून पत्र्याच्या शेडमागे नेलं.

"काका, पाया पडते तुमच्या. नको म्हणून सांगा त्यांना."

"पुन्हा तेच?"

"त्यांनी एकच मागितलं हो माझ्याकडे."

"आणि मी काहीच मागू नये?" काकांचा आवाज चढला. मग बाहेर लोक आहेत हे लक्षात येऊन त्यांनी तो खाली आणला. "तुला माहितीये, मी शाळेत पळायचो? शर्यत होती. आख्खी वस्ती बघायला आलेली. बाबा रात्रपाळी करून तसेच आले होते, न झोपता, माझ्यासाठी. मास्तरांनी पिस्तूल उडवलं. मी सुटलो. जरासं वळून बघितलं, तर बाबा मैदानात आडवे. हात डोक्यावर. आणि पोरं, मास्तर, सगळी हसतायत."

"मग?"

"मग काय? पळत राहिलो मी. पहिला आलो." काकांनी नाक पुसलं. "त्या दिवसापासून आडव्याचा पोरगा. लग्न ठरलं तेव्हा आडव्याचा पोरगा. नोकरी लागली, आडव्याच्या पोराला लागली. ती हसणारी सगळी आज बाहेर उभी आहेत. आज बंदुका वाजतील आणि बाबा हलणार नाहीत. बघू दे एकदा सगळ्यांना."

"हलणार नाहीत, कारण ते गेलेत, काका!"

"मग त्यांना ऐकू कुठं येणारे? तुझा शब्द मोडतोय कुठं, सांग ना."

काका खोटं बोलत नव्हते आणि भिंगरीला त्यांचा रागही धड येईना. दोघांनाही त्या म्हाताऱ्याचंच काहीतरी हवं होतं. तिला एवढंच कळत होतं, की आजोबांना दिलेला शब्द तिच्या डोळ्यांदेखत मोडणार आहे आणि तिच्याच्यानं काही होत नाही.

काका शर्ट नीट करत बाहेर गेले आणि सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. पाठ बाकाकडे, तोंड लोकांकडे. एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरत होती. म्हातारे झालेले वर्गमित्र, कोपऱ्यावरचा न्हावी, धुलाईखान्यातल्या बायका. कुणी हसत नव्हतं. काकांची छाती जरा पुढे आली.

अध्यक्षांनी एकदा भिंगरीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. काकांनी मान हलवली. हुकूम सुटला.

पहिली फैर झाली तशी लोक जागच्या जागी उडाले. एक तान्हं मूल किंचाळून रडायला लागलं. आईनं भिंगरीचा दंड इतका आवळला की नखं रुतली.

काका मात्र उडाले नाहीत. ते वळले. लोकांकडची नजर सुटून बाकाकडे गेली. आजोबा होते तसेच होते, नाक वर, ओठ मिटलेले. काकांना हवं होतं तसं सगळं झालं होतं. पण काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"बाबा," ते म्हणाले. मग ते धावले. थोराड अंगाचा, गुडघेदुखीचा माणूस, तोल जात, अडखळत बाकापर्यंत पोचला, गुडघ्यांवर आदळला आणि दोन्ही तळव्यांनी त्यानं आजोबांचे कान गच्च झाकून घेतले.

"थांबवा! थांबवा रे!"

ते ओरडले, पण दुसऱ्या फैरीचा हुकूम तोवर गेला होता. बंदुका कडाडल्या. काकांचं सगळं अंग शहारून आलं, डोकं बापाच्या छातीवर गेलं. हात मात्र होते तिथेच होते.

अध्यक्षांनी हात वर केला. तिसरी फैर झाली नाही. शिपायांनी बंदुका खाली घेतल्या आणि आवाज न करता गाडीकडे नेल्या. धुराचा वास तेवढा रेंगाळत राहिला. आख्खी वस्ती बघत होती. बाकावर बाप आडवा होता आणि त्याच्यावर मुलगा आडवा होता, आणि कोण बघतंय याची मुलाला शुद्ध नव्हती.

भिंगरी त्यांच्याजवळ जाऊन बसली. काकांची बोटं पांढरी पडली होती.

"काका, काढा हात. संपलं."

"नक्की ना?"

"नक्की. गाडीत ठेवल्या बंदुका."

काकांनी मान हलवली. पण बराच वेळ त्यांनी हात काढले नाहीत, आणि काढा म्हणून पुन्हा कुणी सांगितलंही नाही.