कारण: घरकाम

डेपोच्या डॉक्टरने माझा पाय पाहिलाच नाही. कंबर कुठे दुखते, कळ कुठवर जाते, तेही विचारलं नाही. खाली मान घालूनच म्हणाला, "घरी किती माणसं?" मी म्हटलं, पाच. त्याने लिहून टाकलं: दुखण्याचं कारण, घरकाम.

नऊ वर्षं मी बस चालवते. माझ्या बसची सीट पुढे सरकत नाही, तिचा खटका गंजून बसलाय. आधीचे ड्रायव्हर सगळे ताडमाड, त्यांना ती सरकवायची गरजच पडली नाही. मी पाठीशी चादरीची घडी ठेवते, सीटच्या कडेवर बसते आणि डावा पाय ताणून क्लच दाबते. एका फेरीत दोन-तीनशे वेळा तरी. संध्याकाळी उतरताना कंबरेपासून टाचेपर्यंत अशी कळ जाते, की दांडी धरून उभं राहावं लागतं.

डेपोतला मिस्त्री म्हणतो, "ताई, सीट मी एका दिवसात बदलून देतो. पण दुखणं सीटमुळे आहे, असं डॉक्टरने लिहायला हवं."

आणि हा शहाणा लिहितो घरकाम.

आमच्याकडे स्वयंपाक सासूबाई करतात, धुणंभांडी नवरा करतो. मी येते, जेवते आणि जमिनीवर आडवी होते. "आमची सून इकडची काडी तिकडे करत नाही," हे सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकवलंय. एरवी ते ऐकून माझा तिळपापड होतो. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "आई, तेच जरा डॉक्टरांना येऊन सांगाल का?"

त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि सुरू झाल्या. "डॉक्टर, नऊ वर्षांत हिच्या हातात मी झाडू पाहिला नाही. स्वतःचा कपसुद्धा विसळत नाही ही. घरकामाने हिची कंबर जाईलच कशी?" बाहेर बाकावर बसलेले ड्रायव्हर पोट धरून हसत होते. मलाही बरं वाटत होतं.

डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. 'घरकाम' खोडलं आणि वर लिहिलं: हालचालीचा अभाव.

"ह्या कागदावर करा सही. उद्यापासून ड्यूटीवर या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरात राबले तरी चूक माझी, नाही राबले तरी माझीच. सीटचं मात्र कोणी नावही काढायचं नाही.

"सही नाही करणार," मी म्हटलं.

"मग बस मिळणार नाही. पगारही नाही."

"नको मिळू दे. त्या सीटवर मी परत बसणार नाही."

बाहेर माझी बस उभी होती. सासूबाईंची उंची माझ्याएवढीच. का कोण जाणे, त्या चढल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. पाय पुढे केला. क्लच वीतभर लांब राहिला. कडेवर सरकून त्यांनी तो कसाबसा दाबला, दोनदा, तीनदा, आणि चौथ्यांदा कंबरेला हात लावला.

क्लचवरचा पाय त्यांनी काढून घेतला. मग म्हणाल्या, "तू रोज सांगायचीस. मला वाटायचं, काम टाळायला नाटक करतेस."

डॉक्टरने मला चार मिनिटं पाहिलं होतं. सासूबाईंनी नऊ वर्षं. मी हात देऊन त्यांना खाली उतरवलं, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर फार वाईट बोलले असते.