मागचा डावा स्पीकर

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, फिरायला जातात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकघरात लुडबुड करतात. आमच्या ह्यांनी पुढच्या खोलीचं थिएटर करायला घेतलं.

हे वजनमाप खात्यात होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि बरोबर निघाले की शिक्का मारायचा. एकदा शिक्का मारला की ती वस्तू पुन्हा तपासायची नाही, कारण शिक्क्यावर संशय म्हणजे खुद्द साहेबांवर संशय. हा नियम त्यांनी घरालाही लावलेला आहे. लग्नाआधी मलाही एकदाच नीट पाहिलं असावं, असा माझा समज आहे.

खोकी यायच्या आधीच ह्यांनी फरशीवर खडूने आखणी केली. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर, एक मधोमध खाली, आणि दोन मागचे. मागचे म्हणजे अगदी पाठीमागे नव्हेत. सोफ्यावर बसणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताला, जरासे मागे, कानाच्या थोडे वर. शिवाय कोपऱ्यात एक ठोकळा, तो नुसता घुमण्यासाठी. प्रत्येक जागी खडूची फुली. चार दिवस आम्ही घरात लंगडी खेळल्यासारखे चालत होतो.

आणि मागच्या डाव्या स्पीकरची फुली पडली ती वन्संच्या खुर्चीवर.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांच्या तारा एकमेकांना जोडून दिल्या, आणि आता खिडकीतल्या त्या खुर्चीत बसून गल्लीच्या जोडतात. कोण कोणाकडे गेलं, कोण रुसून परत आलं, कोणाच्या स्कूटरचा आवाज बदलला. मी भाजी निवडायला त्यांच्या पायाशी बसते आणि जगाची खबर घेऊन उठते. भाजी निवडून कधीच संपलेली असते, तरी मी बसलेली असते.

ह्यांनी त्यांना अगदी प्रेमाने सांगितलं, की ताई, तुझी खुर्ची आतल्या खोलीत लावतो, तिथे शांतता आहे. आतल्या खोलीची खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडते. शांतता असणारच, भिंत काय बोलणार?

वन्सं म्हणाल्या, "बरं."

त्यांचं हे 'बरं' मला चांगलं ठाऊक आहे. "लाइन बिझी आहे" असं म्हणायच्या तेव्हा हाच आवाज असणार. संध्याकाळी त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला आणि कपाटावरून बॅग काढली. थोडे दिवस जाऊन येते म्हणाल्या. पण थोड्या दिवसांना माणूस लहान बॅग काढतो, वन्संनी मोठी काढली होती. धाकट्याकडे सगळे सकाळी बाहेर पडतात ते दिवे लागल्यावर येतात. तिथे वन्संशी बोलायला कोण, तर फ्रिज. आणि इथे माझ्याशी बोलायला कोण, तर हे.

मी ह्यांना गाठलं. म्हटलं, तो स्पीकर जरा इकडेतिकडे लावला तर काय बिघडेल? त्यावर मला कोन समजावून सांगण्यात आला. कंपासपेटी काढली होती, खोटं नाही सांगत.

"वन्सं जाणार म्हणताहेत," मी म्हटलं.

"येईल की परत. ताईसाठी आवाज वाकवता येत नाही ना."

शनिवारी फिटिंगवाला आला. हात चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालणारा माणूस. खुर्ची रविवारी आत जायची होती, तोवर त्याने डाव्या स्पीकरचा स्टँड तिच्या पाठीशी, कोपऱ्यात, दाटीवाटीने उभा केला. मग शेवटी एक छोटी तिपाई काढली. तिच्या टोकावर बोराएवढा माईक.

हा कशाला, म्हणून मी विचारलं. तो खूश झाला, कारण ह्यांनी काही विचारू दिलं नव्हतं. म्हणाला, हा माईक ऐकणाऱ्याच्या कानाच्या जागी ठेवायचा. मग मशीन एकेका स्पीकरमधून आवाज काढतं, स्वतःच ऐकतं, आणि कोणाला किती चढवायचं, कोणाला दाबायचं ते ठरवून टाकतं.

"तिपाई जिथे, तिथे राजा बसणार, बाई. बाकी सगळी प्रजा."

हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते उठेचना.

ह्यांनी सोफ्याच्या मधोमध बसून स्वतःच्या कानाची उंची मोजली. टेपचं खालचं टोक मी धरलं होतं. तिपाई त्या उंचीला आणली, वाकून दोनदा पाहिलं आणि "झालं" म्हणाले. म्हणजे शिक्का बसला. आता प्रलय आला तरी हे तिपाईकडे बघणार नव्हते.

फिटिंगवाल्याने बटण दाबलं. मशीन माणसांना बाहेर जायला थोडा वेळ देतं आणि मग सुरू होतं. खोलीत कोणी नको, पंखा नको, शिंकही नको. सगळे व्हरांड्यात निघाले.

"पंखा मी बंद करते," मी म्हटलं.

पंखा बंद केला. तिपाई उचलली. वन्संच्या खुर्चीत उशी ठेवली, उशीवर तिपाई, आणि माईक अंदाजाने वन्संच्या कानाशी. त्यांच्या कानाची उंची मला टेपशिवाय माहीत आहे, इतकी वर्षं त्यात कुजबुजतेय. दार ओढून बाहेर आले तेव्हा छाती धडधडत होती. ऐन पन्नाशीत अशी धडधड मिळायला नशीब लागतं.

आतून फुस्स, ठुप्प, फुस्स असे आवाज येऊ लागले. वन्सं माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "पंखा बंद करायला एवढा वेळ?"

"बटण घट्ट झालंय," मी म्हटलं.

"बरं."

हे बरं वेगळं होतं. यात लाइन लागली होती.

आवाज थांबले तशी पंखा लावायला म्हणून मीच पहिली आत गेले आणि राजाला परत सोफ्यावर नेऊन ठेवलं. फिटिंगवाला चहा पिऊन गेला.

संध्याकाळी उद्घाटन. समुद्राचा सिनेमा होता, वादळ, बोटी, आरडाओरडा. हे सोफ्याच्या मधोमध मांडी ठोकून बसले. थोड्याच वेळात मान उजवीकडे वळली. मग डावीकडे. मग कानात बोट घालून झालं. सगळा समुद्र उजव्या कानात खवळला होता आणि डाव्या कानाला ओहोटी. ह्यांनी सोफा सरकवला. उभे राहिले. मग रिमोट छातीशी धरून, वाकून, वासाने काही शोधावं तसे खोलीभर फिरू लागले. फिरत फिरत खिडकीशी पोचले, वन्संच्या डोक्याशेजारी डोकं नेलं आणि थबकले.

चेहरा असा उजळला, की लग्नातल्या फोटोतही तसा नाही.

"ताई," हे जरा वेळाने म्हणाले, "तुला कसं ऐकू येतंय?"

"मला? आत्ता एक बोट माझ्या डोक्यावरून गेली. अंबाडा सुटला का बघ."

ह्यांनी अंबाडा बघितला नाही, माझ्याकडे बघितलं. मी टोपलीतल्या घेवड्याकडे बघितलं.

मग फिटिंगवाल्याला फोन झाला. त्याने सांगितलं, काही नाही साहेब, माईक तुमच्याकडेच आहे, पुन्हा एकदा मोजणी करा, ज्या जागी ठेवाल ती जागा पक्की. फोन ठेवून हे म्हणाले, की उद्या पुन्हा करू. शिक्का मारलेलं हे पुन्हा तपासणार, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी वन्संची मोठी बॅग दाराशी उभी होती. धाकट्याची गाडी निघाल्याचा निरोप आला होता. ह्यांनी आम्हा दोघींना व्हरांड्यात काढलं.

"पंखा?" मी दारातून विचारून पाहिलं.

"मी बंद करतो. त्याचं बटण घट्ट झालंय म्हणे." आणि दार लागलं.

वन्सं बॅगेवर बसल्या होत्या. गल्लीतून एक स्कूटर गेली, तर ती कोणाची तेही त्या बोलल्या नाहीत. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला, मला वाटलं, गेली खुर्ची. मग फुस्स, ठुप्प, फुस्स. मग शांतता. हे अजून बाहेर येईनात. शेवटी दार उघडलं.

खुर्ची जागेवरच होती. सरकला होता तो स्पीकरचा स्टँड, चांगला हातभर बाजूला, खडूच्या फुलीपासून आणखी लांब. खुर्चीचा हात पुसून स्वच्छ केलेला.

मी आपली सोफ्यावर जाऊन बसले. ह्यांनी सिनेमा लावला आणि माझ्या उजव्या कानात समुद्र, डाव्या कानात सामसूम.

"अहो, हे तर कालच्यासारखंच झालंय."

"तू कशाला तिथे बसतेस?" हे म्हणाले. "तिथे नीट ऐकू येत नाही."

हे स्वयंपाकघरातून बुटकं स्टूल घेऊन आले आणि खुर्चीला खेटून ठेवलं. वन्सं दारातच उभ्या होत्या, एक हात बॅगेवर.

"ये ना, ताई. धाकट्याला म्हणावं, आलास तर जेवून जा, पण गाडी रिकामीच न्यायची." मग स्टुलावर बसता बसता, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "कानाची उंची काल कोणीतरी बरोबर घेतली होती. मी टेपने पडताळून पाहिली."

वन्सं सावकाश आल्या. खुर्चीत बसल्या. खिडकीतून एकदा गल्ली बघून घेतली, मग टीव्हीकडे वळल्या.

"बारक्या," त्या म्हणाल्या, "सरक. डोकं मध्ये येतंय तुझं."

आणि साठीचे बारक्या स्टुलासकट सरकले.