पहिल्या रांगेतली जागा

विमान कंपनीवर फिंटनचा काडीचा विश्वास नव्हता. कॉर्कहून ब्रिस्टलला लेकीकडे जायचं तिकीट इतकं स्वस्त मिळतं म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच, असं तो गावच्या पबमध्ये चारचौघांना ऐकवायचा आणि दर खेपेला तेच तिकीट काढायचा. बॅगेचे पैसे पडू नयेत म्हणून अंगात दोन कोट, कोटाच्या खिशांत मोजे. बायकोनंही तसंच करायचं.

या खेपेला फोनवरचं चेक-इन त्याच्या बायकोनं, ब्रीडानं केलं होतं. विमानाच्या दारात त्यानं पाहिलं तर तिची जागा पहिल्या रांगेत, खिडकीशी, आणि याची पार मागे, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. झालं, डोकंच फिरलं त्याचं. नवरा-बायकोला मुद्दाम लांब बसवायचं, म्हणजे पुढच्या वेळी मुकाट्यानं जागेचे पैसे भरतील. हा डाव त्यानं केव्हाच ओळखला होता. पण ब्रीडाशेजारी त्याला बसायलाच हवं होतं. विमान सुटताना ती बिचारी घाबरून दात आवळून बसायची आणि तो तिचा हात घट्ट धरून ठेवायचा. पहिल्या प्रवासापासून हे असंच चाललेलं.

ब्रीडा पाय लांब करून बसलीसुद्धा होती. फिंटन तिथंच अडून उभा राहिला. मागे रांग तुंबली, लोक कुरकुरायला लागले, तरी हा हवाईसुंदरीला कंपनीची सगळी लबाडी सांगत सुटला. तिनं ती शांतपणे ऐकून घेतली.

"हे बघा, पहिली रांग आम्ही कुणाला अशी देत नाही," ती म्हणाली. "ती पैसे भरूनच घ्यावी लागते."

फिंटनला पटेना. यांनीच हिला फसवून भलतं बटण दाबायला लावलं असणार. तो ब्रीडाकडे वळला.

"मी घेतली," ब्रीडा म्हणाली.

"एकच?"

"तुझीही घेतली असती, तर तू दोन्ही रद्द करायला लावल्या असत्यास."

त्यानं आवाज खाली आणला. "अगं, पण सुटताना तुझा हात कोण धरणार? भीती वाटते ना तुला?"

"मला कधीच भीती वाटली नाही, फिंटन. माझा खुबा दुखतो. मागे गुडघे दुमडून बसलं की जीव जातो नुसता. दर वेळी सांगत होते. तू म्हणायचास, तासाभराचा तर प्रश्न आहे."

तो मागे जाऊन बसला. कंपनीवर चिडून बघितलं, पण राग काही येईना. खुर्चीच्या दोन्ही हातांवर शेजाऱ्यांची कोपरं होती आणि गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले होते. विमान धावपट्टीवर पळायला लागलं तसे त्यानं डोळे मिटून दात आवळले. हात कुठं ठेवावेत तेच त्याला कळेना.

शेजारच्या बाईंनी बघितलं. "पहिल्यांदाच बसताय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," फिंटन म्हणाला.