पंखा कोणी बंद केला

संत दिमित्रीच्या दिवशी स्टानाच्या घरून कुणाला बोलावणं जात नसे, आणि आलेल्याला दारातून परत पाठवायची सोयही नसे. घराण्याच्या संताचा दिवस. जो येईल तो पाहुणा. नवरा गेल्यापासून यजमानपण तिच्याकडे आलं होतं. यजमानाने त्या दिवशी बसायचं नाही, हा नेम ती दुखऱ्या पावलांनिशी पाळत असे.

सकाळी सणाचा पाव घेऊन ती चर्चमध्ये गेली. म्हाताऱ्या पाद्रीबाबांचा आवाज आता थरथरायचा, पण प्रवचन ते अर्धं बोलत, अर्धं गात. "राजाने संताला एवढंच विचारलं," त्यांनी सूर उचलला, "तू त्या ख्रिस्ती लोकांतलाच का? आणि जीव जाणार हे ठाऊक असून संत म्हणाला, होय!" ते 'होय' त्यांनी असं लांबवलं की पार मागच्या खांबापर्यंत गेलं. स्टानाचे डोळे दरवर्षी याच जागी भरून यायचे. या वर्षी मात्र त्या 'होय'ने तिला टोचलं. डोळे पुसायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

टोचण्याचं कारण नऊ दिवसांपूर्वीचं होतं.

बुटांच्या कारखान्यात, शिवणखात्यात तिची एकवीस वर्षं झाली होती. त्यातली सहा वर्षं ती खात्यातल्या बावीस जणींची युनियन प्रतिनिधी होती. तिथे बुटाचे वरचे भाग सोल्युशनने चिकटवून शिवायचे. त्या वासाने बायकांना भोवळ यायची आणि मालक म्हणायचा, न्याहारी करून येत जा. एकेकीने जाऊन सांगून पाहिलं. एकटीचं कोण ऐकतं? शेवटी युनियनने तीन दिवस अख्खा कारखाना बंद पाडला. तिसऱ्या दिवशी मालक वाकला. बाहेरची स्वच्छ हवा आत ढकलणारे चार मोठे पंखे भिंतीत बसले, त्यातला एक शिवणखात्यात. त्या दिवशी बायकांनी मशीनांना फुलं वाहिली होती.

पण पंखे कुठे बसवायचे हे ठरवलं मालकाने आणि युनियनच्या अध्यक्षाने, कॉफी पिता पिता. तिथे बसणाऱ्या बायकांना विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. झोत यायचा तो नेमका त्यांच्या मानेवर. आणि मानेवरच्या वाऱ्याला, त्या प्रोमायाला, त्या मुलखातली माणसं तापापेक्षा जास्त भितात. प्रोमायाने कान जातो, पाठ धरते, तोंड वाकडं होतं. डॉक्टर काही म्हणोत. उन्हाळाभर कुणी बोललं नाही. थंडी सुरू झाली तशी जाडजूड क्रुना मानेला दोन रुमाल गुंडाळून म्हणाली, "स्टाने, बंद कर गं ते भूत! वासाने मरायचं तेव्हा मरेन, वाऱ्याने आजच मरतेय." सगळ्यांनी माना डोलावल्या. स्टाना उठली, आणि जिच्यासाठी तीन दिवस फाटकाशी उभी राहिली होती ती हवा तिने आपल्या हाताने बंद केली.

दुपारी येलित्साला भोवळ आली. सगळ्यांत नवी, तीन-तीन महिन्यांच्या करारावरची, एकटीने मुलगी वाढवणारी पोर. ती पुढे कोसळली, पाय पेडलवरच राहिला, आणि सुई दोन बोटांतून आरपार गेली.

सणाच्या दिवशी दुपारपर्यंत घर भरलं. शिवणखात्यातल्या चौदा जणी आल्या होत्या. येलित्साही आली, बांधलेला हात ओढणीखाली लपवून. टेबलावर मेणबत्ती जळत होती. स्टाना कोबीच्या पानातली सारमा वाढत फिरत होती. तेवढ्यात दारात व्लास्ता उभा राहिला.

व्लास्ता युनियनचा अध्यक्ष. आणि तिचा कूम, म्हणून ती त्याची कूमा. तिच्या लग्नात पाठीशी उभा राहिलेला, तिच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलेला. कूमचं नातं रक्ताच्या भावाहून वरचं; त्याच्याशी तोंड वाजवणं म्हणजे पापच.

"सण सुखाचा होवो, कूमा!" त्याने तिचे दोन्ही गाल चुंबले, राकिया दारूचा पेला रिकामा केला, चार सारमा खाल्ल्या, आणि मग हळूच म्हणाला, "स्वयंपाकघरात ये जरा."

तिथे त्याने खिशातून कागद काढला. लिहिलं होतं: येलित्साने कुणाला न विचारता पंखा बंद केला. खाली मालकाची सही, त्याखाली व्लास्ताची, त्याखाली रिकामी जागा.

"उद्या सरकारी तपासनीस येतोय. एवढी सही कर."

"हे खोटं आहे, कूम."

"खोटं नाही, छोटं आहे. ऐक. तुझं नाव आलं तर मालक काय म्हणेल? युनियनने पंखे मागितले आणि युनियननेच बंद केले! सहाशे माणसांत शोभा होईल. पुन्हा काही मागायला तोंड उरेल का आपल्याला? आणि त्या पोरीचा करार तसाही डिसेंबरात संपतोय."

"म्हणजे तिने बोटंही द्यायची, नोकरीही द्यायची, वर नाव पण खराब करून घ्यायचं?"

"एकीसाठी सहाशेंची युनियन बुडवतेस?"

त्याचं सगळंच चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत. मालक टपून बसला होता हे स्टानाला ठाऊक होतं. बटणावर आपलं बोट होतं, हेही.

"ती वर्गणी भरते," स्टाना म्हणाली. "पहिल्या महिन्यापासून. मग ती त्या सहाशेंतली, का बाहेरची?"

व्लास्ताने कपाळाला आठ्या घातल्या. "तुझ्या मुलाला या हातांवर घेतलं होतं मी."

"म्हणून तर आधी पोटभर वाढलं. आता बोलते."

कागद घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली. यजमानीण आता शुभेच्छा देणार म्हणून दोघांनी पेलेही उचलले.

"पंखा मी बंद केला," स्टाना म्हणाली. "उद्या तपासनिसाला हेच सांगणार आहे. येलित्साने केला असं इथे लिहून आणलंय."

येलित्साच्या हातातला काटा ताटात पडला.

"अगं बाई," क्रुना म्हणाली, "लोकांना केक तरी खाऊ दे आधी!" पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "मी सांगितलं म्हणून तू उठलीस. माझंही नाव घाल."

स्टानाने कागद उलटा केला, कपाटावर ठेवला आणि उभ्या उभ्या लिहिलं: पंखा मी बंद केला, सगळ्या खात्याच्या सांगण्यावरून. वारा मानेवर येतो अशा जागी तो बसवला मालकाने. त्याला मान डोलावली आमच्या युनियनने, आम्हाला न विचारता. येलित्साने बटणाला हात लावला नाही.

क्रुनाने सही केली. मग एकेक उठत गेली. चौदांतल्या नऊ जणींनी सही केली, उरलेल्या खाली बघत बसल्या. कुणाच्या घरी नवरा बेकार, कुणाच्या डोक्यावर घराचे हप्ते. स्टानाने त्यांच्या ताटांत मांसाचे आणखी दोन-दोन तुकडे वाढले.

व्लास्ता दारापाशी म्हणाला, "प्रतिनिधी म्हणून आजपासून तू संपलीस."

"बरं. टोपी घाल, बाहेर वारा आहे."

दुसऱ्या दिवशी तपासनिसाने कागद वाचला, भिंतीवरचे पंखे पाहिले, बायकांच्या माना पाहिल्या. दुखापत कामावरची म्हणून नोंदली गेली. आता येलित्साला दोष देऊन काढता येणार नव्हतं. स्टानाला मालकाचं शेवटचं ताकीदपत्र आलं. त्याच आठवड्यात युनियनच्या समितीने तिचं पद काढून घेतलं.

पुढच्या सोमवारी नवा प्रतिनिधी निवडायला व्लास्ता खात्यात आला. बायका भडकलेल्या होत्या. क्रुनाने सगळ्यांची सदस्यत्वाची कार्डं बुटाच्या एका खोक्यात गोळा केली होती, त्याच्या पायाशी ओतायला.

"ने तुझी युनियन घरी!" ती ओरडली.

"ठेव ते खोकं खाली," स्टाना म्हणाली. "आणि आपापली कार्डं परत घ्या. तीन दिवस फाटकाशी काय हा एकटा उभा होता? पंखे एकीच्या रडण्याने आले होते का? युनियन याच्या वाडवडिलांची नाही. आपण सोडली, की मात्र याचीच होईल."

बायका कुरकुरत खोक्यात हात घालू लागल्या.

"झालं?" व्लास्ता म्हणाला. "मग नाव सुचवा."

"सुचवू की," स्टाना म्हणाली. "आधी तू इथे बस." तिने येलित्साची रिकामी खुर्ची ओढली. "पाच मिनिटं. कोट काढून."

तो हसला. बाकी कुणीच हसलं नाही. एकवीस जणी हाताची घडी घालून बघत होत्या, आणि एकही मशीन चालू नव्हतं. त्याने कोट काढला आणि बसला. क्रुनाने बटण दाबलं.

पहिल्या मिनिटाला तो संघर्ष, एकजूट वगैरे बोलला. दुसऱ्याला थांबला. तिसऱ्याला त्याचा हात सदऱ्याच्या कॉलरकडे गेला.

"हात खाली, अध्यक्षसाहेब," क्रुना म्हणाली, "शिवायला दोन्ही लागतात."

चौथ्या मिनिटाला तो मान चोळत उठला. "बरं. पंखे फिरवायला सांगतो मालकाला."

"सांगतो नाही," स्टाना म्हणाली. "सांगू या."

आणि एकवीस जणी त्याच्या आधीच दाराकडे निघाल्या; खाली मान घालून बसलेल्याही त्यांत होत्या.