कपाटांवरचा शेवटचा हात

दोघी बहिणींनी एकत्र राहायचं ठरवलं, स्वयंपाकघरात नवी कपाटं बसली, तोवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. घोडं अडलं ते पॉलिशपाशी.

थोरली निवृत्त परिचारिका. टापटिपीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. धाकटी पोहायला शिकवायची. तलावावरून आली की केसांतून पाणी टपकत असतानाच ती कपाटं उघडून खायला शोधायची.

सुताराने एकाच फिकट लाकडाच्या तीन फळ्या ओट्यावर मांडल्या. "ही तेल-मेणाची. हे वॉर्निश, टिकेल, पण हळूहळू पिवळं पडत जाईल. आणि हे पाण्यात कालवून लावायचं पीयू पॉलिश. लाकडाचा रंग आहे तसा राहील आणि पाण्याला दाद देणार नाही. चार दिवस वापरून बघा, मग सांगा."

थोरलीने पहिल्या फळीवरून तळवा फिरवला आणि तिथेच विरघळली. लाकूड बोटांना अगदी लाकूडच लागत होतं.

"हेच!"

"निगा राखावी लागेल हं, ताई," सुतार म्हणाला. " पाणी सांडलं की लगेच पुसायचं, आणि अधूनमधून पुन्हा तेल द्यायचं."

"पुसू की. त्यात काय?"

"कोण पुसणार?" धाकटीने विचारलं.

"तू. लागेल हळूहळू सवय."

धाकटी कपाट उघडून खायला शोधू लागली.

फळ्या ओट्यावरच राहिल्या. धाकटीने ओला पेला ठेवला, लिंबू पिळलं, आणि पहिल्या फळीवर काळपट वर्तुळं उमटली. शेजारच्या दोन्ही फळ्या जशाच्या तशा. "पूस आधी!" हे दिवसभर थोरलीच्या तोंडी बसलं. दोन-तीन दिवसांनी मात्र ते म्हणायची वेळच येईना. स्वयंपाकघर कसं लख्ख आणि शांत! थोरली खूश झाली.

मग एका संध्याकाळी ती कपडे काढायला गॅलरीत गेली, तर धाकटी केसांना पंचा गुंडाळून, कठड्याला टेकून बिस्किटं खात उभी.

"अगं, इथे काय करतेस?"

"इथे फरशी आहे. सांडलं तरी कोणी ओरडत नाही."

ती हसतच म्हणाली, पण थोरली दोरीवरचे कपडे काढायचेच विसरली. हिला आपणच आग्रहाने बोलावून घेतलं. एकटीचं घर खायला उठायचं म्हणून. आणि आता ही स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी गॅलरीत उभी!

तिने तिथूनच सुताराला फोन लावला. "तिसरी फळी. पाण्यातलं. चकाकी नको, मॅट द्या."

"अगं ताई, पण तुला पहिली आवडली होती ना?" धाकटीने विचारलं.

"अजूनही आवडते. माझ्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाला तेच लावून घेईन. तिथे ओल्या डोक्याने आलीस तर बघ!"

सुताराने पातळ पातळ तीन हात मारले. पहिला वाळला की बारीक पॉलिशपेपरने अलगद घासायचं, धूळ टिपायची आणि मगच पुढचा. शेवटच्या हातानंतर त्याने बजावलं, "वाळलं असं वाटेल, पण पुरतं कडक व्हायला वेळ लागतो. आठवडाभर काही ठेवू नका."

तो आठवडा भांडीकुंडी बैठकीत, खोक्यांत राहिली. चहाचा चमचा सापडेपर्यंत चहा गार व्हायचा. दोघी खोक्यांवर बसून जेवल्या, आणि इतक्या बोलल्या की धाकटीला एकदा तलावावर जायला उशीर झाला.

कपाटं भरायच्या दिवशी नवीनच वाद निघाला.

"वरचे खण तुझे," थोरली म्हणाली. "तू उंच आहेस."

"म्हणजे तुला काही लागलं की मी शिडी?"

"मग काय! धर हा डबा."

धाकटीने डबा घेतला, चवड्यांवर उभी राहिली आणि मुद्दाम सगळ्यात मागे सरकवला.